मोटारसायकल वेगात डगमगते तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथील उत्तरे १०० ते ४०० सीसीच्या, रोजच्या वापरातल्या मोटारसायकली डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. ‘वेगात’ या शब्दाचा अर्थही आपल्या रस्त्यांपुरताच घ्यावा. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार चौपदरी महामार्गावर दुचाकीची कमाल वेगमर्यादा ताशी ८० किमी आहे, आणि माझ्या कानावर आलेल्या बहुतेक तक्रारी त्या मर्यादेच्या आतच सुरू होणाऱ्या आहेत. ‘मी कधी शंभरच्या पुढे जातच नाही, मग गाडी का हलते?’ हा प्रश्न म्हणूनच अगदी रास्त आहे.

गाडी डगमगते असे मेकॅनिकला सांगितले की तो लगेच हँडलचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, आवळतो. ते बरोबर आहे का?

कधी कधी बरोबर असते. पण ‘डगमगते’ या एका शब्दात निदान तीन वेगळी दुखणी लपलेली असतात आणि त्यांची मुळे वेगवेगळ्या ठिकाणी असतात, म्हणून पाना हातात घेण्याआधी ती वेगळी करणे आवश्यक आहे.

पहिले दुखणे म्हणजे हँडलची थरथर, ज्याला वॉबल म्हणतात. यात फक्त पुढचे चाक आणि हँडल डावी-उजवीकडे झपाट्याने हलते, सेकंदाला साधारण सहा ते दहा वेळा, आणि बाकीची गाडी बऱ्यापैकी सरळ असते. दुसरे म्हणजे हेलकावे, अर्थात वीव्ह. यात सगळी गाडीच माशासारखी पोहू लागते, मागचा भाग एकीकडे आणि पुढचा दुसरीकडे जातो, आणि ही हालचाल सेकंदाला दोन ते चार वेळा, म्हणजे मोजता येईल इतक्या संथपणे होते. तिसरे दुखणे म्हणजे गाडी न हलता एकाच बाजूला ओढत राहणे. थरथर असेल तर शोध पुढच्या चाकापासून सुरू करावा, हेलकावे असतील तर मागच्या चाकापासून आणि सामानापासून, आणि गाडी ओढत असेल तर चाकांची रेषा व वाकलेले भाग आधी तपासावेत.

या तिघांत एक तोतयाही असतो, तो म्हणजे इंजिनाची कंपने. मोकळ्या, सरळ रस्त्यावर ज्या वेगाला त्रास होतो त्याच वेगाला गिअर बदलून पाहा. इंजिनाचे फेरे बदलल्याबरोबर त्रास बदलला, तर चाकांचा त्यात काही दोष नाही.

माझी गाडी ६० ते ७० च्या दरम्यानच थरथरते, पुढे थांबते. असे का?

याचे गणित सोपे आहे आणि ते एकदा समजले की निम्मे निदान झालेले असते. या वर्गातल्या गाड्यांच्या टायरचा घेर साधारण दोन मीटर असतो. ताशी ६० किमी वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १६.७ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला आठ-सव्वाआठ फेरे घेते. हँडलच्या थरथरीची स्वाभाविक गती सहा ते दहा असते हे वर आलेच आहे. चाकात वजनाचा असमतोल असेल किंवा रिम वाकलेली असेल, तर दर फेऱ्याला एक धक्का हँडलपर्यंत पोहोचतो, आणि नेमक्या याच वेगाला त्या धक्क्यांचा ताल थरथरीच्या तालाशी जुळतो. झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेल्या झोक्यासारखा हा प्रकार आहे. वेग वाढला की ताल तुटतो आणि थरथर विरते.

थ्रॉटल सोडून गाडी आपोआप मंदावत असताना, त्यातही हँडलवरची पकड सैल असताना, हे विशेष जाणवते. हात हँडलवर असले की ते थरथर बरीचशी गिळून टाकतात. ही थरथर नसून ‘मी हात सोडले म्हणून तसे झाले’ असे काही जण मानतात. तसे नाही, हात फक्त दोष झाकत होते. मात्र हात सोडून चालत्या गाडीवर परीक्षा घेण्याची मुळीच गरज नाही, कारण पकड हलकी केली तरी हे कळते.

म्हणजे प्रत्येक मोटारसायकलमध्ये हा दोष असतोच का?

प्रवृत्ती प्रत्येकीत असते, दोष नव्हे. ब्रिटिश अभियंता रॉबिन शार्प यांनी १९७१ मध्ये मोटारसायकलच्या स्थिरतेचे गणिती विश्लेषण मांडले आणि तिच्या तीन मूलभूत हालचाली वेगळ्या दाखवल्या: आडवे कलंडत जाणे, हेलकावे आणि थरथर. नव्या, धडधाकट गाडीत या हालचाली सुरू होताच मरतात. टायर झिजला, कुठे ढिलाई आली, वजन चुकीच्या जागी गेले, की त्या मरायला वेळ लागतो, आणि एका मर्यादेनंतर त्या मरण्याऐवजी वाढू लागतात. त्यामुळे आपण शोधायचे आहे ते थरथरीचे जन्मस्थान नव्हे, तर तिला मारणारी कोणती गोष्ट कमजोर झाली ते.

शोधाची सुरुवात कोठून करावी?

हवेपासून. हे ऐकून हिरमोड होतो याची मला कल्पना आहे, पण ज्या दुरुस्तीला पैसे लागत नाहीत ती आधी करावी. टायर थंड असताना, म्हणजे गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, स्वतःच्या गेजने हवा मोजावी. पेट्रोल पंपावरच्या प्रत्येक यंत्रावर विसंबू नये. एकाच सकाळी दोन पंपांवर चार-पाच पॉइंटचा फरक मला दिसलेला आहे. किती हवा हवी याचा आकडा मित्राच्या गाडीवरून घेऊ नये, तो आपल्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत किंवा चेनगार्डजवळच्या स्टिकरवर असतो, आणि एकट्यासाठी व मागे कोणी बसणार असेल तर असे दोन आकडे बहुधा वेगळे दिलेले असतात. मागची हवा कमी असेल तर हेलकावे वाढतात, पुढची कमी असेल तर हँडल जड होऊन गाडी खाचाखळग्यांमागे भरकटते. जास्त हवा भरून दोष लपवणेही चूक आहे.

टायरवर नक्षी अजून शिल्लक आहे, तरी टायर दोषी असू शकतो का?

असू शकतो, आणि बरेचदा तोच दोषी असतो. टायरमधल्या खाचांत झिजेची मर्यादा दाखवणारे लहान उंचवटे असतात. नक्षी तिथपर्यंत आली की टायर बदलायचा हे सर्वांना माहीत असते, पण स्थिरता त्याच्या बऱ्याच आधी बिघडते. महामार्गावर सरळच चालणाऱ्या गाडीचा मागचा टायर मधोमध सपाट होतो. गोलाईऐवजी पाटासारखा झालेला हा टायर सरळ रेषेत ठीक वाटतो, पण गाडी जराशी कलली की सपाट भागाच्या कडेवर चढते आणि तिथून पुन्हा खाली येते. लेन बदलताना गाडी आधी नकार देते आणि मग एकदम पडते असे वाटते ते यामुळेच. पुढच्या टायरवर तळहात आडवा ठेवून पुढून मागे आणि मग मागून पुढे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागत असेल, किंवा ओळीने खळगे हाताला लागत असतील, तर थरथरीला कारण सापडले असे समजायला हरकत नाही. असे खळगे पडण्यामागे अनेकदा पुढच्या शॉकअपमधले जुने तेल किंवा कमी हवा असते, त्यामुळे नुसता टायर बदलून भागत नाही.

टायरच्या बाजूवर चार आकडी उत्पादन-संकेत असतो: पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ऐटीसाठी मूळ मापापेक्षा रुंद टायर बसवलेला असेल तर तो काढून मूळ मापाचा बसवावा. अरुंद रिमवर रुंद टायर चिमटला जातो आणि त्याचा आकारच बदलतो.

नवा टायर बसवल्यानंतरच गाडी थरथरू लागली. टायर सदोष निघाला का?

टायर सदोष निघण्यापेक्षा तो नीट न बसण्याची शक्यता जास्त असते. माझ्या दीडशे सीसीच्या गाडीबाबत हे घडले. पुढचा टायर बदलला आणि परतीच्या वाटेवर ६५ ला हँडल थरथरू लागले. एका गॅरेजमध्ये कोनसेट आवळून मिळाला. थरथर खरोखर थांबली, पण गाडी आता वीस-पंचवीसच्या वेगाला दारू प्यायल्यासारखी डावी-उजवीकडे झोके खाऊ लागली, कारण इतका आवळलेला कोनसेट हँडलला आपोआप सरळ होऊ देत नव्हता. पंधरवडाभर मी तशीच चालवली, याचे आज आश्चर्य वाटते. नंतर एका रविवारी डबल स्टँडवर लावून, पुढचे चाक उचलून फिरवले आणि रिमच्या कडेजवळ टायरवर जी बारीक उठावदार रेघ असते तिच्याकडे पाहत बसलो. चाकभर ती रेघ रिमपासून सारख्या अंतरावर होती, फक्त व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला वीतभर लांबीत ती रिमच्या आत गडप झाली होती. तेवढ्या भागात टायरची कड आपल्या जागी बसलेलीच नव्हती. हवा काढली, कडेला साबणाचे पाणी लावले, पुन्हा हवा भरली, आणि ‘टप्प’ असा आवाज होऊन रेघ बाहेर आली. कोनसेट पुन्हा योग्य मापावर सैल केला. खर्च शून्य.

चाकाचे बॅलन्सिंग दुचाकीलाही लागते का?

लागते, जरी आपल्याकडे पंक्चरच्या दुकानांत त्याची सोय क्वचितच असते. रिमजवळ ३० ग्रॅमचा असमतोल असेल, तर ताशी ६० किमीला तो साधारण दोन किलो वजनाइतका आणि १०० ला पाच किलो वजनाइतका ओढा दर फेऱ्यात देतो. हा ओढा वेगाच्या वर्गाने वाढतो. घरी करता येण्याजोगी चाचणी अशी: चाक अधांतरी ठेवा, ब्रेक घासत नाही ना ते पाहा, चाक हळूच फिरवून आपोआप थांबू द्या आणि खाली आलेल्या जागेवर खडूची खूण करा. चार-पाच वेळा फिरवल्यावर दर वेळी खडूची खूण खालीच येत असेल तर तिथे वजन जास्त आहे. त्याच वेळी रिमच्या कडेजवळ एक काडी स्थिर धरून पाहावे. अंतर कमी-जास्त होत असेल तर रिममध्ये आऊट आहे. तारांच्या चाकात तो तारा आवळून काढता येतो, आणि ते काम जाणकाराकडेच द्यावे. पान्याच्या टोकाने एकेका तारेवर हलकेच टिचकी मारली की ताणलेली तार खणखणते आणि सैल तार ठक्क करून गप्प होते. अलॉयच्या रिमला खड्ड्यात मार बसून वाकडेपणा आला असेल, तर ठोकून सरळ करण्यापेक्षा ती बदलणे मला योग्य वाटते.

कोनसेट खराब आहे की नाही हे कसे ओळखावे?

गाडी डबल स्टँडवर लावा आणि कोणालातरी मागची सीट खाली दाबायला सांगा, म्हणजे पुढचे चाक उचलले जाईल. आता दोन चाचण्या करायच्या. पहिली: चाकासमोर उकिडवे बसून दोन्ही शॉकअपची खालची टोके हातात धरा आणि पुढे-मागे हलवा. टकटक लागत असेल तर कोनसेट सैल आहे. दुसरी: हँडलला एक बोट लावून ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. ते सुपारी फिरावी तसे निर्वेध फिरले पाहिजे आणि मधून जरा ढकलताच स्वतःच्या वजनाने बाजूला पडले पाहिजे. मधोमध येताच ते खुटकन बसत असेल, तर बॉलरेसरमध्ये, म्हणजे कोनसेटच्या गोळ्या ज्यांत फिरतात त्या कड्यांत, खाच पडली आहे.

ही खाच मधोमधच का पडते, याचे कारण आपले रस्ते आहेत. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे खड्ड्यांचा प्रत्येक मार त्याच त्या गोळ्यांखाली, त्याच त्या जागी बसतो. खाच पडलेला सेट कितीही आवळला तरी सुधारत नाही, वरचा आणि खालचा दोन्ही बदलावे लागतात. ज्या गाड्यांसाठी टेपर रोलर बेअरिंग मिळते तिथे ते बसवावे. त्यात भार रेषेवर वाटला जात असल्याने ते जास्त टिकते. बसवल्यावर दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासणे आवश्यक आहे, कारण नवा सेट बसताना थोडा सैल होतो.

हेलकावे मागून येतात असे वाटते. तिथे काय तपासावे?

स्विंग आर्मचे, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या आडव्या भागाचे, बुश (तो ज्यांवर वरखाली फिरतो त्या नळ्या). गॅरेजमध्ये स्विंग आर्मला चिमटाही म्हणतात. गाडी डबल स्टँडवर ठेवून एका हाताने चासी धरा आणि दुसऱ्या हाताने स्विंग आर्मचे मागचे टोक आडवे हलवा. तिथे केसभरही खेळ नको. त्यानंतर चाक वरून आणि खालून धरून हलवा. चाक एकटेच हलत असेल तर चाकाचे बेअरिंग गेले आहे, आणि चाकाबरोबर स्विंग आर्मही हलत असेल तर बुश गेले आहेत. पावसाळ्यात प्रेशरने धुतलेल्या गाड्यांत या बुशमधले ग्रीस निघून जाते आणि ते कोरडे घासत राहतात.

मागचे शॉकॲब्सॉर्बर जुने झाले असतील तर गाडी एकदा हलली की हलतच राहते. सीट जोरात दाबून सोडा. मागचा भाग वर येऊन स्थिरावला पाहिजे, दोन-तीनदा उसळता कामा नये. दोन शॉकॲब्सॉर्बरच्या गाडीत दोन्हींची सेटिंग एकाच खाचेवर आहे ना, हेही पाहावे. हास्यास्पद वाटेल, पण एक तिसऱ्या आणि एक पाचव्या खाचेवर असलेल्या गाड्या सर्रास आढळतात.

चाके एका रेषेत आहेत का, हे घरी तपासता येते का?

येते, आणि त्यासाठी फक्त लांब दोरी लागते. चेन ॲडजस्टरवरच्या खुणांवर माझा विश्वास नाही; त्या दोन्ही बाजूंना जुळल्या तरी चाक तिरके असू शकते. स्टँडच्या आड येणार नाही अशा उंचीवर मागच्या टायरला मागून दोरी वेढा आणि तिची दोन्ही टोके दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापर्यंत ताणून आणा, अशी की दोरी मागच्या टायरच्या पुढच्या कडेला नुसती टेकेल. हँडल सरळ ठेवा. मागचा टायर १३० मिमी आणि पुढचा १०० मिमी रुंद असेल, तर पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना दोरीपर्यंत १५–१५ मिमी अंतर यायला हवे. एका बाजूला २२ आणि दुसऱ्या बाजूला ८ आले, तर मागचे चाक तिरके आहे. एक्सल सैल करून ॲडजस्टर फिरवा आणि पुन्हा मोजा. चाक कितीही हलवले तरी अंतर जुळत नसेल, तर स्पेसर उलटसुलट बसला आहे किंवा काहीतरी वाकले आहे. पडलेल्या गाडीत पुढचे शॉकअप टीमध्ये (हँडलखाली त्यांना धरणाऱ्या भागात) पिळलेले असणे हे सर्वांत सौम्य कारण. टीचे बोल्ट सैल करून ते सरळ करता येतात. चासी वाकली असेल तर मात्र जिगवर, म्हणजे चासी मोजण्याच्या साच्यावर, मोजल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

टॉप बॉक्स, बॅगा आणि मोठी काच लावल्यावर गाडी बिघडली. काढून टाकावे का?

आधी काढून एक फेरी मारावी, कारण त्याहून स्वस्त निदान नाही. मागच्या एक्सलच्या ३० सेंमी मागे १५ किलोंचा बॉक्स ठेवला, तर १,३५० मिमी व्हीलबेसच्या (दोन्ही एक्सलमधल्या अंतराच्या) गाडीत पुढच्या चाकावरचा भार जेमतेम तीन-साडेतीन किलोंनी हलका होतो. हे फार नाही. खरा परिणाम वेगळा आहे: वजन गाडीच्या टोकाला आणि उंच गेल्याने हेलकाव्यांना जोर मिळतो, आणि बॉक्सवर आदळणारा वारा मागच्या भागाला सतत ढकलत राहतो. जड सामान टाकीवरच्या बॅगेत किंवा दोन्ही बाजूंच्या बॅगांत खाली, समसमान विभागून ठेवावे, बॉक्समध्ये रेनकोटसारख्या हलक्या वस्तू ठेवाव्यात. बॉक्सच्या स्टँडचा एकही बोल्ट हलता कामा नये. हँडलवर बसवलेली उंच काच थरथरीसाठी फार वाईट, कारण वारा तिच्यामार्फत थेट हँडलच फिरवू पाहतो. चासीला किंवा हेडलाइटच्या कवचाला धरणारी लहान काच त्या मानाने निरुपद्रवी असते.

वारा, ट्रक आणि सिमेंटचे रस्ते यांनी गाडी हलली तरी तो दोषच समजावा का?

नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडताना किंवा साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर आडव्या वाऱ्याचा झपाटा बसला की कोणतीही गाडी सरकते. ट्रकच्या मागच्या भोवऱ्यातही तसेच होते. सिमेंटच्या रस्त्यावर लांबीच्या दिशेने खाचा असतील तर टायरची नक्षी त्यांत अडकत-सुटत जाते आणि हँडल कुरतडल्यासारखे वाटते. खूण एकच: कारण गेले की हालचालही लगेच जायला हवी. ट्रक मागे पडल्यावरही गाडी चार-सहा हेलकावे खात असेल, तर वर सांगितलेल्या तपासण्या कराव्यात.

थरथर सुरू झाली तर त्या क्षणी काय करावे?

थ्रॉटल एकदम बंद न करता हळूहळू कमी करावा. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरावी, अंग थोडे पुढे झुकवावे, आणि हँडल धरलेले पण कोपरे सैल ठेवावीत. पुढचा ब्रेक करकचून दाबणे ही सर्वांत धोक्याची प्रतिक्रिया आहे, कारण सगळा भार आधीच बिथरलेल्या चाकावर येतो. वेग वाढवला की थरथर थांबते असा एक सल्ला सर्रास दिला जातो. पुढचे चाक हलके झाल्याने क्वचित तसे होतेही, पण आपण त्याच बिघडलेल्या गाडीवर अधिक वेगाने जात असतो, म्हणून मी तो सल्ला देणार नाही.

स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे हँडलची झटपट हालचाल रोखणारा भाग, बसवून हे सगळे टाळता येईल का?

जुन्या जावा-येझदींच्या हँडलच्या मधोमध घर्षणाचा डॅम्पर आवळायची गोल फिरकी असायची, म्हणजे कल्पना नवी नाही. सुझुकीच्या १९९७ सालच्या टीएल१०००एस या ताकदवान गाडीला हँडल झटकण्याच्या तक्रारींनंतर कंपनीनेच डॅम्पर बसवून दिला. पण दीडशे-साडेतीनशे सीसीच्या, मूळ मापाच्या गाडीला तो लागत असेल, तर बहुधा आधी काहीतरी झिजलेले असते आणि डॅम्पर फक्त त्याचा आवाज बंद करतो. शिवाय डॅम्पर थरथर मारतो, हेलकाव्यांवर तो फारसा चालत नाही. फार घट्ट ठेवला तर ते वाढूही शकतात.

दुरुस्ती झाली हे कसे पडताळावे?

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि दर वेळी तोच रस्ता, तेच सामान, तीच हवा ठेवून वेगमर्यादेत फेरी मारावी. टायर, कोनसेट आणि बॅलन्सिंग एकाच दिवशी करून घेतले तर गाडी सुधारते, पण कशाने सुधारली ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तिन्हींचे पैसे जातात. माझ्या गाडीच्या टूलकिटमध्ये एक छोटी वही आहे. तिच्यात तारीख, किलोमीटर, दोन्ही टायरची हवा आणि ज्या वेगाला हालचाल झाली तो आकडा एवढेच लिहिलेले असते. नव्या मेकॅनिकसमोर ती वही उघडली की तो कोनसेटकडे जाण्याआधी निदान ते पान तरी वाचतो.